सबब परवाना मिळावा

'अर्जदार हा कायदा पाळणारा नागरिक असून व्यवसायानिमित्त त्यास रोख रकमेची ने-आण करावी लागते. त्याच्या जिवास व मालमत्तेस धोका आहे. सबब स्वसंरक्षणार्थ शस्त्र परवाना मिळावा, ही विनंती.'

अंबाजोगाईत वकिली करताना हा मजकूर मी इतक्या वेळा लिहिला की पुढेपुढे टायपिस्टला तो सांगावाही लागत नसे. मी फक्त 'जिवाला धोका' म्हणायचो, बाकीचं तो स्वतः टाकायचा. नाव, वय, धंदा, राहणार बदलायचं, वाक्य तेच. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जायचा, पोलिसांचा अहवाल यायचा. कधी परवाना मिळायचा, कधी नाकारला जायचा. नाकारला तर मी विभागीय आयुक्तांकडे अपील करायचो आणि ते करताना मला मनापासून वाटायचं की आपण एका सज्जन माणसाच्या बाजूने उभे आहोत.

माझं मत पक्कं होतं आणि त्याला मुळं होती. आमचा आजा निजामाच्या राज्यात जन्मला. त्या वेळी अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. रझाकारांच्या हातात बंदुका होत्या आणि गावाच्या हातात काठ्या, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. रात्री धाब्यावर बायापोरांना निजवून पुरुषमाणसं जागी राहायची. एवढं सांगून झालं की आजा गप्प व्हायचा आणि मग म्हणायचा, "गावात एक बंदूक आसती तर." 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान संपलं, पण आज्याचं ते अर्धं वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढे कायद्याच्या अभ्यासात 1878 चा हत्यारांचा कायदा वाचला. इंग्रजांनी या देशाला नि:शस्त्र कसं केलं ते कळलं आणि आज्याच्या वाक्याला पुस्तकाचा आधार मिळाला. सज्जनाच्या हातातलं हत्यार काढून घेणारं सरकार दुर्जनाच्या हातातलं काढू शकत नाही, हे मी बाररूममध्ये कितीदा बोललो असेन.

आकडेही माझ्या बाजूचे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत दहांतल्या साधारण नऊंत हत्यार बिगरपरवान्याचं असतं. म्हणजे गावठी कट्टा. कट्टेवाला काही जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायला येत नाही. मग परवान्याचे नियम आवळून कोणाचा गळा आवळला जातो? फी भरून, रांगेत उभं राहून, कागद जोडून परवाना मागणाऱ्याचाच. हा युक्तिवाद मला बिनतोड वाटायचा आणि आजही त्यातला आकडा मी खोटा म्हणत नाही.

22 एप्रिल 2006 ला सकाळी वरळीच्या घरात भाजप नेते प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावाने, प्रवीण महाजन यांनी, गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचं होतं. 3 मे रोजी प्रमोद महाजन गेले. ते आमच्या गावचे. इथल्या शाळेत शिकलेले, इथल्या गल्ल्यांतून सायकल चालवलेले. त्या दिवसांत अंबाजोगाईत माणसं कट्ट्यांवर बसायची, पण बोलायची नाहीत. चोर, दरोडेखोर, खंडणीखोर यांच्यापासून वाचण्यासाठी असलेलं हत्यार सख्ख्या भावावरच चाललं होतं. आणि मी? मी म्हणालो, हा अपवाद आहे. भावाभावांचं भांडण आहे, पिस्तूल नसतं तर सुरी असती. माझ्या गावातला एवढा मोठा माणूस गेला आणि मी माझा सिद्धांत शाबूत ठेवला. आज हे लिहिताना याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

अपवाद मात्र येतच राहिले. 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेना पदाधिकारी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. हत्यार परवान्याचं. सहा दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात खून झाला. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, तेही परवान्याचं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्याच पायात घुसली. प्रत्येक वेळी माझ्याकडे काहीतरी स्पष्टीकरण तयार असे.

माझं मत मुंबईच्या बातम्यांनी बदललं नाही. ते बदललं माझ्याच ऑफिसात, एका जुन्या पक्षकारामुळे.

केज तालुक्यातला शेतकरी. बांधाचा दावा. पाच-सात वर्षं तारखा चाललेल्या, मोजणी झालेली, नकाशा आमच्या बाजूचा. आता साक्षीपुरावा संपून निकालाच्या टप्प्यावर आलेला दावा. हा माणूस एके दिवशी दुपारी आला, चप्पल दाराबाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, दावा काढून घेयचा."

मला वाटलं पैशाची अडचण. म्हटलं, "आण्णा, फीचं नंतर बघू."

"फीचं न्हाई. त्या दिवशी देवळात बैठक झाली. मिटवून घ्या म्हणले."

"मग मिटवायचं तर अर्ध्यावर मिटवा. सगळं कशाला सोडता?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्यांनी काय केलं न्हाई साहेब. शिवी न्हाई, धमकी न्हाई. सतरंजीवर बसताना कमरंला टोचत होतं म्हणून काढून म्होरं ठिवलं. सारी बैठक होईस्तोवर ते तिथंच होतं. उठताना पुन्हा कमरंला लावलं. मपली दोन पोरं हायत, साहेब."

मी वकील. पहिला विचार कलमांचा आला. धमकी? शब्द एकही नाही. साक्षीदार? देवळात बसलेले सगळे, पण सांगतील काय, तर माणसाने पिस्तूल सतरंजीवर ठेवलं. परवाना? आहे. मग मी विचारलं, समोरचा कोण? त्याने नाव सांगितलं. दाव्यातल्या प्रतिवादीचा मेहुणा, पलीकडच्या गावचा. ते नाव ऐकलं आणि मी पाण्याचा ग्लास उचलून पुन्हा खाली ठेवला. त्याचा अर्ज मीच लिहिला होता. 'कायदा पाळणारा नागरिक असून.' जिल्ह्यात नकार मिळाल्यावर अपीलही मीच चालवलं होतं आणि जिंकलो म्हणून पेढे खाल्ले होते.

त्या संध्याकाळी मी ऑफिस बंद केलं नाही. कपाटातल्या परवान्याच्या फाइली काढल्या आणि टेबलावर मांडल्या. वकील माणूस आकडेमोड सहसा दुसऱ्याच्या कागदांची करतो. स्वतःच्या फाइली मोजायची ती पहिलीच वेळ. अर्जदार कोण? ऊसतोडीचे मुकादम होते. त्यांचं एक खरं आहे. हंगामाआधी उचल वाटताना त्यांच्या अंगावर रोख रक्कम असते. एक सराफ होता, एक पेट्रोल पंपवाले होते, रानडुकरं भुईमूग उकरून टाकतात म्हणून ठासणीची बंदूक मागणारे शेतकरी होते. पण त्यांच्यापेक्षा जास्त होते ते वाळूचे ठेकेदार, परळीच्या औष्णिक केंद्रातल्या राखेची वाहतूक करणारे, प्लॉटिंगवाले आणि ज्यांचा धंदा अर्जात नुसता 'शेती व समाजकार्य' असा लिहिला होता ते. मग मी प्रत्येक फाइलीत एकच कागद शोधला. या माणसाला कोणी धमकी दिली, म्हणून त्याने कधी पोलिसांत तक्रार दिली आहे का? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच फाइलींत तो कागद निघाला. बाकी सगळीकडे धोका होता तो माझ्या वाक्यात.

त्यानंतर दुसरं कपाट उघडलं, फौजदारीचं. त्यातली काही नावं ओळखीची निघाली. आधी परवान्यासाठी आलेला माणूस चार वर्षांनी मारहाणीच्या, खंडणीच्या, गैरकायदा जमावाच्या गुन्ह्यात आरोपी म्हणून माझ्याकडेच आला होता. दोन्ही फाइली माझ्याच हस्ताक्षरात, दोन कपाटांत, आणि मी त्या कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

पुढे जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. 29 जून 2024 ला परळीत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांचा गोळी झाडून खून झाला होताच. 9 डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना हाल हाल करून मारलं. खटला चालू आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही. पण त्यानंतर बाररूममध्ये एका ज्येष्ठ मित्राने माझाच जुना मुद्दा काढला: "देशमुखांच्या अंगावर एकही गोळी नव्हती. मग बंदुकांचा विषय कशाला?" वर्षभरापूर्वी मी मान डोलावली असती. त्या दिवशी मला ती सतरंजी दिसली. जिथे माणसाला इतकं मारेपर्यंत हात धजावतात, तिथे तो धीर आधी कित्येक वर्षं साठत आलेला असतो. देवळातल्या बैठकीत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीत, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत. त्या मोसमात परळीकडच्या, हवेत केलेल्या गोळीबाराच्या चित्रफिती घराघरांत पाहिल्या गेल्या आणि पोलिसांना गुन्हे दाखल करावे लागले.

मग आकडा आला. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जिल्ह्यांतल्या शस्त्र परवान्यांचे आकडे जाहीरपणे मांडले: बीड 1,222, शेजारचं परभणी 32. मी कागद घेऊन बसलो. 2011 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या 25 लाख 85 हजार, परभणीची 18 लाख 36 हजार. म्हणजे लाख माणसांमागे बीडमध्ये 47 परवाने आणि परभणीत दोनसुद्धा नाहीत. दोन्ही जिल्ह्यांतून गोदावरी वाहते, दोन्हीकडे वाळू आहे, दोन्हीकडे मुकादम आहेत, रानडुकरं आहेत, सराफ आहेत, बांधाची भांडणं आहेत. आज्याच्या पिढीने दोन्हीकडे रझाकार पाहिले. मग बीडच्या माणसाच्या जिवाला परभणीच्या माणसापेक्षा पंचवीसपटीहून जास्त धोका आहे, असं आम्ही वकिलांनी वर्षानुवर्षं शपथेवर लिहून दिलं आणि ते मान्य होत गेलं. एवढा धोका खरा असेल तर एवढ्या बंदुका येऊनही तो कमी का झाला नाही? आणि खोटा असेल तर मी काय लिहीत होतो?

अमेरिकेचं उदाहरण आमच्या बाररूममध्ये दोन्ही बाजूंनी दिलं जातं, म्हणून तेही नीट वाचलं. तिथे सामूहिक गोळीबार किती झाले हे मोजण्याच्या रीतीवर ठरतं. हल्लेखोर सोडून चार किंवा अधिक माणसांना गोळी लागली, अशी व्याख्या घेतली तर 2022 आणि 2023 या एकेका वर्षात सहाशेहून जास्त घटना भरतात. सार्वजनिक जागी तीन किंवा अधिक माणसं मारली गेली आणि टोळीयुद्ध, दरोडे वगळले, तर तोच आकडा डझनाच्या आसपास येतो. बंदुकांचे पाठीराखे लहान आकडा धरतात, विरोधक मोठा. हे वाचताना मला मीच दिसलो. मीही 'बंदुकीने झालेले खून' एवढंच मोजत होतो. त्या व्याख्येत माझ्या आण्णाचा बांध बसत नव्हता. गोळी सुटली नाही, म्हणून घटना घडली नाही.

ऑस्ट्रेलियाचा आकडा मात्र कुठल्याही व्याख्येने पुसता येत नाही. 28 एप्रिल 1996 ला पोर्ट आर्थरला एका माणसाने 35 जणांना मारलं. ती घटना धरून त्याआधीच्या अठरा वर्षांत तिथे पाच किंवा अधिक माणसं मरण पावलेल्या 13 घटना झाल्या होत्या. सरकारने कायदा आवळला, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या आणि पुढची दहा वर्षं तशी एकही घटना झाली नाही. तिथलेही शेतकरी होते, त्यांच्याकडेही डुकरं होती. शेतीसाठी लागते ती बंदूक त्यांना ठेवता आली, फक्त ती का लागते हे त्यांना सिद्ध करावं लागलं. नुसतं 'स्वसंरक्षणासाठी' हे कारण तिथे चालत नाही. आमच्याकडे ते चालतं.

आपल्याकडे अमेरिकेसारखे गोळीबार होत नाहीत म्हणून मी छाती काढायचो. पण ते का होत नाहीत? स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या 2018 च्या अंदाजानुसार अमेरिकेत शंभर माणसांमागे 120 बंदुका आहेत, भारतात पाच. आपल्या माणसाला राग कमी येतो असं नाही, त्याच्या हाताशी हत्यार कमी आहे. 31 जुलै 2023 ला पहाटे जयपूर–मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी यांना डब्याडब्यांत फिरून मारलं. ही घटना महाराष्ट्रातली आहे, पालघर स्थानक ओलांडून गाडी मुंबईकडे येतानाची. हत्यार सरकारी, माणूस प्रशिक्षित, वर शिस्तीचं दल. तिथे हे घडतं, तर देवळातल्या बैठकीत कोणाच्या भरवशावर राहायचं?

आता कायद्याकडे येतो, कारण माझी रोजीरोटी त्यावर आहे. 1959 चा शस्त्र अधिनियम वाईट नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमेरिकेसारखा हत्यार बाळगण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेने कोणाला दिलेला नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली आणि आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड लावला. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. बीडमध्ये पाच वर्षांत माणूस मुकादमाचा ठेकेदार होतो, ठेकेदाराचा पुढारी होतो आणि साक्षीदाराचा आरोपी होतो. त्याच्याकडे पुन्हा बघायचं ते पाच वर्षांनी? कलम 13 मध्ये आणखी एक फट आहे, जिचा मी स्वतः उपयोग केला आहे. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास त्याची वाट न पाहता आदेश करता येतो. अहवाल लांबला की मी त्या तरतुदीवर बोट ठेवायचो. ती तरतूद गेली पाहिजे. अहवाल नाही तर परवाना नाही, आणि गंभीर गुन्हा दाखल झाला की हत्यार त्याच आठवड्यात ठाण्यात जमा झालं पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करून घेतातच ना? ते दीड-दोन महिने हत्यारावाचून निघतातच.

सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. सात-बाऱ्यावर फेरफार घ्यायचा तर तलाठी नोटीस काढतो, हितसंबंधितांना हरकतीला पंधरा दिवस देतो. गावातल्या बायका मतदान करून दारूचं दुकान बंद पाडू शकतात. पण गावातल्या एखाद्याच्या कमरेला पिस्तूल येणार असेल, तर त्या गावाला कोणी विचारत नाही. ज्यांनी त्या पिस्तुलाच्या समोर सतरंजीवर बसायचं आहे, त्यांना अर्जाची खबरही नसते. हरकती बंद पाकिटात मागवा, नावं गुप्त ठेवा, पण मागवा. आणि तालुकावार परवान्यांचा आकडा तहसिलीच्या फळ्यावर दर वर्षी लावा. मग परभणीचे 32 आणि आमचे 1,222 हे कळायला खून व्हावा लागणार नाही.

जानेवारी 2025 मध्ये जिल्हा प्रशासनाने पहिल्या टप्प्यात शंभर परवाने रद्द केले, पुढेही कारवाई चालू राहिली. रद्द झालेल्यांपैकी काही जण माझ्याकडे अपिलासाठी आले. मी फी घेतली नाही आणि वकीलपत्रही घेतलं नाही. माझे मित्र म्हणतात, वकिलाने असं निवडून चालत नाही, प्रत्येकाला बचावाचा हक्क आहे. ते बरोबर आहेत. आरोपीचा बचाव मी आजही करतो. पण हत्यार मागणं हा बचाव नाही, असं माझं आता मत आहे. आणि हो, आज्याचं वाक्यही मी विसरलेलो नाही. 'गावात एक बंदूक आसती तर' असं तो म्हणायचा. ती गावाची बंदूक होती. आज गावात बंदूक आहे, पण तिच्यासमोर गावच बसलेलं आहे.

मुकादमाची उचल आता बँकेतून देता येते, तिथून सुरुवात करता येईल. सराफाला, पंपवाल्याला खरंच गरज असेल तर ती तपासून द्या. रानडुकरांसाठीच्या ठासणीच्या बंदुकीला माझी आजही हरकत नाही, ती बंदूक कोणी सतरंजीवर ठेवत नाही.

केज, परळी, गेवराई, माजलगाव, जिथे कुठे माझे सहकारी परवान्याचे अर्ज लिहीत असतील, त्यांना एवढीच विनंती आहे. 'जिवास धोका आहे' हे वाक्य टाइप करण्याआधी अर्जदाराला विचारा की धमकीची तक्रार कुठे आहे. ती नसेल तर अर्ज लिहू नका. आण्णाचा दावा मी त्याच्या सांगण्यावरून काढून घेतला. ती पुरसीस माझ्या सहीची आहे, आणि बांध त्यानंतर दोन वेळा सरकला आहे.